बापाची कमाई, लेकराची खावटी

‘सातबारा वडिलांच्या नावावर आहे साहेब, मी नुसता त्यांच्या हाताखाली राबतो.’ यावल, रावेर, भुसावळ या बाजूच्या कोर्टांत खावटीच्या कामाला चार तारखा बसलेल्या माणसाला हे वाक्य नवं नाही. फैजपूर-सावदा पट्ट्यात केळीची बाग उभी असते, ठिबक असतं, दारात ट्रॅक्टर असतो. पण नवरा-बायको वेगळे झाले आणि लेकराच्या खर्चाचा प्रश्न कोर्टापुढे आला, की बागेचा मालक एकाएकी महिना आठ हजारांचा मजूर होतो. बायको काही कमी करत नाही. ती नवऱ्याचं उत्पन्न लाखांत सांगते आणि पुराव्यादाखल लग्नातले फोटो जोडते. या दोन आकड्यांच्या मधून कुठेतरी न्यायाधीशांना वाट काढायची असते. ती कशी काढतात, हा या लेखाचा विषय.

लोकांच्या मनात उत्तर ठरलेलं आहे: पगाराच्या पंचवीस टक्के. कायद्याच्या एकाही पुस्तकात मुलाच्या खावटीसाठी हा आकडा नाही. भारतात टक्केवारीही नाही आणि तक्ताही नाही. आहे ती न्यायाधीशांची अंदाज बांधण्याची मुभा आणि तो अंदाज कशावर बांधावा याबद्दल वरच्या कोर्टांनी दिलेल्या सूचना.

आधी दारं कोणती ते पाहू. सर्वांत वापरातलं दार म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे, पण कोर्टाच्या आवारात अजून सगळे ‘एकशे पंचवीस’च म्हणतात. ऐपत असून जो बाप मुलाकडे दुर्लक्ष करतो, त्याला दरमहा रक्कम द्यायला लावणारं हे कलम जात, धर्म, लग्न कायदेशीर की बेकायदेशीर, यातलं काही विचारत नाही. हिंदू जोडप्यांसाठी १९५५ च्या विवाह कायद्याचं कलम २६ आणि १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याचं कलम २० आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यातही मुलांसाठी रक्कम मागता येते. आपल्या भागात एक गोष्ट विसरून चालत नाही. सातपुड्याच्या पायथ्याचे पावरा, भिल्ल, तडवी हे अनुसूचित जमातींत येतात आणि हिंदू विवाह कायदा व निर्वाह कायदा त्यांना लागू नाही. त्यांच्या लेकरांसाठी एकशे पंचवीस हेच खरं दार. मुस्लिम मुलांचंही तसंच. घटस्फोटित बाईच्या हक्कांसाठी १९८६ चा वेगळा कायदा आला, तरी मुलांचा कलम १२५ खालचा हक्क कायम आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये नूर सबा खातून प्रकरणात स्पष्ट केलं.

आणखी एक सोय फार बायकांना माहीत नसते. नवरा सुरतेला किंवा पुण्याला असला तरी बाई माहेरी फैजपूरला राहते म्हणून यावलच्या कोर्टात अर्ज टाकू शकते. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुलं यांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

आता आकड्याकडे येऊ. एकशे पंचवीसखाली पूर्वी महिन्याला ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. महाराष्ट्राने १९९९ मध्ये ती १,५०० केली आणि २००१ च्या केंद्रीय दुरुस्तीने मर्यादाच काढून टाकली. म्हणजे या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हिशेबाचा प्रश्न फारसा उद्भवतच नव्हता. बापाची कमाई कितीही असो, वरचं टोक ठरलेलं होतं. ‘किती’ हा प्रश्न या कलमात खऱ्या अर्थाने गेल्या पंचवीसेक वर्षांतला आहे, आणि तो अजून पक्का बसलेला नाही यात नवल वाटायला नको.

पंचवीस टक्क्यांचा उगम १९७० च्या डॉ. कुलभूषण कुमार प्रकरणात आहे. तिथे बायकोची रक्कम ठरवताना तो आकडा आला. २०१७ मध्ये कल्याण डे चौधरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा पुन्हा आधार घेतला आणि निव्वळ पगाराच्या पंचवीस टक्के योग्य ठरतील असं म्हटलं. वर्तमानपत्रांनी तेवढंच उचललं. त्या प्रकरणात नवऱ्याचा हातात येणारा पगार सुमारे ९५ हजार होता. पंचवीस टक्के म्हणजे जवळजवळ २४ हजार. उच्च न्यायालयाने २३ हजार ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने मात्र नवऱ्याचं दुसरं लग्न झालंय, दुसरं मूल आहे, हे धरून आई आणि मुलगा मिळून २० हजार केले. ज्या निकालाने टक्केवारी लोकप्रिय केली त्यानेच ती पाळली नाही. टक्केवारी हा न्यायाधीशाच्या हातातला ठोकताळा आहे, त्यापुढे काही नाही.

माझ्या मते दोन जुने निकाल जास्त उपयोगाचे आहेत. पहिला पद्मजा शर्मा प्रकरणाचा, सन २०००. आई-बाप दोघंही नोकरीत होते. कोर्टाने प्रत्येक मुलाचा खर्च महिन्याला ३,००० रुपये धरला आणि तो बाप व आई यांच्यात दोनास एक असा वाटला. मुलाची गरज आधी, तिची वाटणी नंतर, हा क्रम त्यात स्वच्छ दिसतो. दुसरा दिल्ली उच्च न्यायालयाचा २००४ चा अनुरिता व्होरा निकाल. तिथे कुटुंबाची कमाई एकत्र धरून तिचे वाटे पाडले: कमावणाऱ्याला कमावण्यासाठी खर्च येतो म्हणून दोन वाटे, बाकी प्रत्येकाला एक. समजा बापाला महिन्याला ३०,००० सुटतात, बायको कमवत नाही आणि मूल एक आहे. चार वाटे झाले; बापाचे १५,०००, आईचे साडेसात, लेकराचे साडेसात. मुलं दोन असतील तर पाच वाटे, प्रत्येकी ६,००० आणि बापाकडे १२,०००. हा बंधनकारक नियम नाही, पण कागदावर मांडून दाखवता येणारा आणि दोन्ही पक्षांना कळणारा हिशेब आहे. आपल्याकडच्या निकालपत्रांत ‘सर्व बाबींचा विचार करता’ असं म्हणून थेट एक गोल आकडा येतो, त्यापेक्षा हे केव्हाही बरं.

वाटे पाडायला सोपे. वाटायची रक्कम किती, ते शोधणं अवघड. त्या बाबतीतला सगळ्यात महत्त्वाचा निकाल आपल्याच राज्यातून गेलेला आहे. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात एका आईने २०१३ मध्ये स्वतःसाठी आणि लहान मुलासाठी अर्ज केला. २०१५ मध्ये अंतरिम आदेश झाला: आईला १५,००० आणि मुलाला आधी ५,०००, मग १ सप्टेंबर २०१५ पासून १०,०००. बाप उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात हरला आणि सर्वोच्च न्यायालयात गेला. ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. सुभाष रेड्डी यांनी निकाल दिला तोवर अर्जाला सात वर्षं झाली होती. म्हणजे अंतरिम रकमेलाच सात वर्षं. कायदा सांगतो की अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढा. या विसंगतीवर बोट ठेवून ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या निकालाने देशभरच्या कोर्टांना एक पद्धत घालून दिली.

पद्धतीचा गाभा आहे प्रतिज्ञापत्र. दोन्ही पक्षांनी आपली कमाई, मालमत्ता, कर्ज, खर्च, अवलंबून असलेली माणसं, सगळं शपथेवर उघड करायचं. समोरच्याने चार आठवड्यांत उत्तराचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. मुदतवाढ फार तर दोनदा. मुद्दाम वेळ काढला तर त्याचा बचाव रद्द करता येतो. रक्कम अर्जाच्या तारखेपासून धरायची. मुलाच्या खर्चात अन्न, कपडे, राहणं, औषधपाणी, शिक्षण आणि माफक प्रमाणात शिकवणीचा खर्चही मोजायचा. शिक्षणाचा खर्च सर्वसाधारणपणे बापाचा; आई पुरेसं कमवत असेल तर प्रमाणात वाटून. तीन वर्षांनी, ६ नोव्हेंबर २०२३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाला अदिती प्रकरणात हेच पुन्हा सगळ्या उच्च न्यायालयांना कळवावं लागलं, कारण खालच्या कोर्टांत प्रतिज्ञापत्रं भरून घेतलीच जात नव्हती.

आपल्या दृष्टीने या निकालातली खरी मोलाची गोष्ट वेगळीच आहे. शेतीवाल्यांसाठी त्यात स्वतंत्र नमुना दिला आहे. जमीन किती, तिच्यात वाटा किती, बागायत की कोरडवाहू, कोणती पिकं, गेल्या ३ वर्षांत त्यातून काय आलं, बटाईने दिली-घेतली का, जनावरं किती, जमिनीवर कर्ज किती, असे प्रश्न त्यात आहेत. नोकरदाराचा नमुना शेतकऱ्याकडून भरून घेतला तर निम्मे रकाने ‘निरंक’ राहतात. पगारपत्रक नाही, शेती उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरणपत्रही नाही. मग कोर्टापुढे उरतं ते फक्त बापाचं तोंडी म्हणणं. यावल-रावेरसारख्या तालुक्यात पहिल्याच तारखेला वकिलाने शेतीचा नमुना मागितला पाहिजे.

आणि तीन वर्षांचा आकडा का हवा, हे केळी लावणाऱ्याला वेगळं सांगायला नको. एकरी १,७०० झाडं आणि झाडामागे १८ किलोची रास धरली तर ३०६ क्विंटल माल होतो. क्विंटलला ६०० रुपये भाव लागला तर हातात १ लाख ८३ हजार. रोपं, खतं, मजुरी, पाणी मिळून एकरी पावणेदोन लाख खर्च धरला तर उरतं काय? साडेआठ हजार. तोच माल १,८०० च्या भावाने गेला तर साडेपाच लाख येतात आणि पावणेचार लाख मागे राहतात. जमीन तीच, झाडं तीच, बापही तोच. मे-जूनमध्ये वादळ आलं आणि बाग आडवी झाली, किंवा कुकुंबर मोझॅकमुळे रोपं उपटावी लागली, तर त्या वर्षी उलट देणं होतं. पडत्या वर्षाची पट्टी घेऊन बाप कोर्टात येतो, तेजीच्या वर्षाचा भाव बायको सांगते. दोघंही खोटं बोलत नसतात. म्हणून सरासरी. तीन वर्षांत एकरी सरासरी १ लाख ८० हजार सुटले आणि बापाच्या वाट्याची जमीन दोन एकर असली, तर वर्षाला ३ लाख ६० हजार, महिन्याला ३०,०००. आणि मघाचे चार वाटे पुन्हा लागू.

ही सरासरी सिद्ध करायला लागणारे कागद बाईला मिळू शकतात, हे तिला कुणी सांगत नाही. सातबारा, आठ-अ आणि फेरफार मिळवणं आता अवघड राहिलेलं नाही. पीक पाहणीत केळीची नोंद असते. २०२१ पासून ती ई-पीक पाहणीतून होते. विविध कार्यकारी सोसायटीचं किंवा बँकेचं पीककर्ज, किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा, केळीच्या फळपीक विम्याचा हप्ता आणि खात्यात जमा झालेली भरपाई, ठिबकचं अनुदान, ट्रॅक्टरची नोंदणी, व्यापाऱ्याच्या पट्ट्या. यातले काही कागद बापाच्या किंवा बँकेच्या ताब्यात असतात. ते हजर करण्याचा हुकूम कोर्टाकडून मागता येतो. पीककर्जाचा अर्ज तर वाचनीय असतो. कर्ज हवं असताना ज्याने पाच एकर केळी दाखवली, त्याच माणसाला खावटीच्या कामात दीड एकर ज्वारी आठवते.

राहिला सातबारा आजोबांच्या नावावर असण्याचा मुद्दा. नाव आजोबांचं असलं म्हणून बापाचं उत्पन्न शून्य होत नाही. जमीन कोण कसतो, माल कुणाच्या नावाने जातो, पैसे कुणाच्या खात्यात येतात, हे बापालाच नेमकं माहीत असतं. त्याने ते दडवलं तर कोर्ट त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढू शकतं. शिवाय जमीन वडिलोपार्जित असेल तर मुलाचा त्यात जन्मतः हक्क आहे. मुलीचाही आहे: महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि देशभर २००५ पासून. आई पालक म्हणून अज्ञान मुलाच्या वतीने वाटपाचा दावा आणू शकते. तो दिवाणी दावा, त्याला वर्षं लागतात, आणि तो खावटीची जागा घेत नाही. पण असा दावा दाखल झाला की तडजोडीची भाषा बदलते, हे अनुभवी वकील जाणतात. फेरफाराचं भांडण फैजपूरच्या प्रांत कार्यालयापर्यंत जाऊ शकतं, खावटीचं तिथे काही होत नाही. लोक उगाच तिथे खेटे घालतात.

नोकरीवाल्या बापाचं गणित त्या मानाने सरळ. आयकर, व्यवसाय कर, सक्तीचा भविष्यनिर्वाह निधी वजा करायचा. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, पतसंस्थेचं कर्ज सांगून हातात येणारा पगार ४ हजारांवर आणणारे महाभाग असतात. ही स्वतःहून घेतलेली कर्जं मुलाच्या आधी येत नाहीत, असंच उच्च न्यायालयं सहसा म्हणतात. नोकरी गेलेल्याचं काय? कारखाना बंद पडला, पगार थकले, हे आपल्या भागात साखर कारखान्याच्या निमित्ताने लोकांनी भोगलेलं आहे, आणि तिथे कोर्टाने खरी अडचण ओळखायलाच हवी. पण २०२२ च्या अंजू गर्ग निकालाप्रमाणे धडधाकट माणसाला अंगमेहनत करून का होईना बायको-मुलांना पोसावं लागेल. पुरावाच नसेल तेव्हा अनेक कोर्टं अकुशल कामगाराचं किमान वेतन तळाचा आकडा म्हणून धरतात.

आईच्या बाजूचा एक हिशेब मात्र बहुतेक आदेशांत सापडत नाही. ती शेतमजुरीला जाते, शिवणकाम करते, महिना पाच-सहा हजार मिळवते. ते तिच्या नावावर लगेच मांडलं जातं. सकाळी डबा, ताप आला की रात्रभर जागरण, शाळेतली सभा, हे सगळं एकटीने करण्याची किंमत शून्य. पद्मजा निकालातलं दोनास एक प्रमाण डोळे झाकून लावलं तर बाई रुपयांत एक वाटा देते आणि कष्टांत सगळेच. न्यायाधीशांनी निदान दोन ओळी लिहून याची दखल घ्यावी, एवढी अपेक्षा गैर नाही.

वयाची अडचण आहेच. एकशे पंचवीसखाली मुलाचा हक्क १८ व्या वर्षी संपतो, अपंगत्व असेल तर पुढेही राहतो. मुलीला त्या कलमात तेवढंच. पण हिंदू निर्वाह कायद्याच्या कलम २० खाली स्वतःचा खर्च भागवता येत नसेल तर अविवाहित मुलगी पुढेही मागू शकते, हे २०२० च्या अभिलाषा निकालाने सांगितलं. मुलाच्या बाबतीत १८ पूर्ण होतात ते नेमके बारावीच्या किंवा पहिल्या वर्षाच्या सुमाराला, खर्च सगळ्यात जास्त वाढतो तेव्हा. विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात ही मर्यादा २५ पर्यंत नेता यावी अशी शिफारस केली होती. कायदा झाला नाही. तोवर तडजोड लिहितानाच ‘पदवी पूर्ण होईपर्यंत’ हे शब्द घालून घ्यावेत.

परदेशात गेलेल्या मराठी जोडप्यांना याच प्रश्नाचं अगदी वेगळं रूप दिसतं. ब्रिटनमध्ये सरकारी यंत्रणा ठरावीक मर्यादेपर्यंतच्या आठवड्याच्या एकूण कमाईवर एका मुलासाठी १२, दोघांसाठी १६, तिघांसाठी १९ टक्के धरते आणि मूल वर्षातून ५२ किंवा जास्त रात्री दुसऱ्या पालकाकडे राहत असेल तर त्यातून वजावट देते. अमेरिकेत १९८८ च्या कायद्यापासून प्रत्येक राज्याला सूत्र पाळावंच लागतं. विस्कॉन्सिनमध्ये एका मुलाला १७ टक्के, दोघांना २५. जर्मनीत ड्युसेलडॉर्फचा तक्ता १९६२ पासून वापरात आहे. सूत्राने अन्याय होत नाही असं नाही, पण वकिलाकडे जाण्याआधी आई-बापांना आकडा साधारण ठाऊक असतो आणि भांडण निम्मं होतं. आपल्याकडे असंघटित अर्थव्यवहारामुळे, रोखीमुळे, शेतीमुळे निव्वळ टक्केवारी चालणार नाही हा आक्षेप मला मान्य आहे. तरीही मुंबई उच्च न्यायालयाने जिल्हानिहाय किमान रकमेचा तक्ता काढावा, शाळा-औषध-अन्नाचा खर्च धरून, आणि त्याखाली जायचं तर न्यायाधीशाने कारण लिहावं, एवढं करायला काय हरकत आहे? वरचं टोक न्यायाधीशांच्या हाती राहू द्या, तळ मात्र सगळ्यांना माहीत असू द्या.

सगळे वाद कोर्टात जात नाहीत, जाऊही नयेत. लेवा पाटीदार समाजात पाडळशाच्या भोरगाव लेवा पंचायतीपुढे घरातले वाद नेण्याची परंपरा आहे. इतर समाजांतही ज्येष्ठ मंडळी बसतात. तिथे वर्षांचं काम दिवसांत होतं, हा मोठा गुण. धोका एकच. मुद्रांकावर फारकत लिहिताना ‘मुलाच्या खर्चाबाबत पुढे काही मागणार नाही’ असं एक वाक्य घुसतं, आणि सुटका हवी असलेली आई सही करते. आईने आपला हक्क सोडला तरी मुलाचा हक्क ती सोडू शकत नाही. तो मुलाचा आहे, आणि मूल त्या कागदावर पक्षकार नाही. एकरकमी दोन लाख घेऊन विषय संपवणंही फसवं असतं. पाच वर्षांच्या लेकराला १८ पर्यंत १५६ महिने आहेत. दोन लाखांचे महिन्याला तेराशेही पडत नाहीत.

ठरलेली रक्कम आपोआप वाढत नाही, हेही लक्षात ठेवावं. २०१५ मध्ये पहिलीतल्या मुलाला मिळालेले २,००० तो अकरावीत गेला तरी २,०००च राहतात, जोवर कुणी वाढीचा अर्ज करत नाही. नव्या संहितेत त्यासाठी कलम १४६ आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये एका पत्नीच्या पोटगीत दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ आदेशातच लिहून दिली. मुलांच्या आदेशात असं वाक्य सुरुवातीलाच मागून घ्यावं. पाच टक्के महागाईला पुरत नाहीत, पण वकिलाची फी वाचते.

वसुलीचं बोलायचं तर, बापाने थकवलं की वॉरंट निघतं आणि दर थकीत महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली की देणं फिटलं असा समज गावोगाव आहे. १९८९ च्या कुलदीप कौर निकालाने तो खोटा ठरवला आहे, रक्कम उभीच राहते. नोकरदाराच्या बाबतीत हिंसाचाराच्या कायद्याखाली पगारातून परस्पर कापून देण्याचा हुकूमही घेता येतो. मात्र वॉरंटसाठीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. ‘देईल, देईल’ म्हणत वाट पाहणाऱ्या बाईचे जुने महिने या रस्त्याने मागता येत नाहीत. तेव्हा सहा महिने पैसे आले नसतील तर केळीचा हंगाम निघण्याची वाट पाहू नका. वसुलीचा अर्ज टाका, आणि तो दर वर्षी टाका.